अळूपुरती ऊब

मंगळावरच्या तळावर, भाजीघरात, इरावती सबनीस अळूची पानं चाचपत होती. कित्येकदा फसल्यावर यंदा कुठे अळूनं जीव धरला होता, आणि नेमकं आताच धुळीच्या वादळानं सौरपट्ट्या झाकल्या. विजेची चणचण झाली आणि भाजीघराचे तापक बंद पडले.

“संध्याकाळी भाजीघराला कुलूप,” तळप्रमुख पाटणकर म्हणाले. “मलाही वाईट वाटतंय. पण आधी माणसांची सोय.”

“मिथेनयंत्र तर चालूच राहणार ना, सर? त्याची उष्णता इकडे वळवते.”

इरावती रसायनतज्ज्ञ, असले हिशेब म्हणजे तिच्या हातचा मळ. मिथेनयंत्रात कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून परतीचं इंधन आणि पिण्याचं पाणी तयार होई, आणि वर उष्णताही निघे. कार्बन डायऑक्साइडच्या एका मोलमागे १६५ किलोजूल. यंत्र त्याच वेगानं चाललं तर अळू जगायला मोलमागे २३० तरी हवे होते. तिचा चेहरा पडला.

“मग कार्बन डायऑक्साइड जास्त सोड की,” पाटणकर म्हणाले. ते मूळचे यंत्र अभियंते. “बाहेरच्या हवेत दुसरं आहे काय?”

“त्याच्या एका भागाला हायड्रोजनचे चार भाग लागतात. कणीक संपल्यावर कढईत तेल ओतून पुऱ्या वाढतील का? हायड्रोजन आपण विजेनं पाणी फोडून मिळवतो, आणि विजेचीच तर बोंब आहे.”

इरावतीनं नळाखाली पेला धरला, एक घोट घेतला आणि ती थबकली.

“सर, हे पाणी गार आहे.”

“मग? गारच असतं.”

“१६५ हा आकडा पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं तेव्हाचा. वाफेचं पाणी होताना ती आणखी उष्णता टाकते. एका मोलमागे दोन मोल पाणी, म्हणजे ८८ किलोजूल. दोन्ही मिळून २५३! ती वाफ आपण कुठे थंड करतो?”

“बाहेर,” पाटणकर जरा ओशाळले. “संघनक नळी मीच टाकली. काहीही गार करायचं तर भिंतीबाहेर न्यायचं, अशी सवयच लागलीय इथे. थंडी फुकट ना.”

संध्याकाळी कुलपाऐवजी नळी भाजीघरात आली. इरावतीला इतका आनंद झाला की ती अळूशी चक्क मोठ्यानं बोलली.

सकाळी पानं टवटवीत होती. दाराशी पाटणकर उभे होते, अंगावर दोन शाली, काखेत घडीची खुर्ची.

“बसू का इथे? खोली एकाएकी गारठली.”

बाहेर जाणारी ती नळी त्यांच्याच खोलीच्या भिंतीआडून जात असे, हे इरावतीच्या आता ध्यानात आलं. सगळा तळ पांघरुणात कुडकुडत असताना हे गृहस्थ बाह्या सरसावून फिरत आणि आपल्या उष्ण प्रकृतीचं कौतुक सांगत.

“सर, तुमची प्रकृती उष्ण आहे ना?”

“होती,” पाटणकर खुर्ची उघडत म्हणाले. “काल तू ती अळूला दिलीस.”