साडेचौतीस

तो दुकानात शिरला तो पाठमोरा.

शिंप्याच्या दुकानात माणसं नाना तऱ्हेनं येतात. कुणी घाईत येतं, कुणी भांडायच्या तयारीनंच येतं. पण उलट्या पावलांनी, दोन्ही हात मागे धरून, "माफ करा हं… माफ करा…" करत आत येणारं गिऱ्हाईक तिनं पहिल्यांदाच पाहिलं. बिचारा रस्त्यापासून लाज लपवायला गेला आणि ती नेमकी तिच्या पुढ्यात आणून ठेवली.

"काय झालं?" तिनं मशीन थांबवलं.

"बसचा पास खाली पडला. म्हणून वाकलो… आणि मागून—"

"फाटली."

"अहो, हळू बोला ना!"

"काय म्हणतोय तो?" इस्त्रीच्या टेबलापासून तिचे बाबा ओरडले. बाबांना कमी ऐकू यायचं.

"पँट फाटली, बाबा!" तिनं खणखणीत आवाजात सांगितलं. बाहेर बस-थांब्यावर उभी असलेली चार डोकी वळली.

तो घाईघाईनं पडद्याआड गेला आणि पडद्यावरून पँट बाहेर आली. तिनं शिवण उलटी करून पाहिली. दोरा चांगला होता, कापडही चांगलं होतं. चूक पँटची नव्हतीच, आतल्या माणसाची होती. पण बाबांचा धंद्यातला पहिला धडा तिला पाठ होता : गिऱ्हाईकाला कापड दाखवावं, आकडा दाखवू नये. तिनं काही न बोलता मागचं मार्जिन, म्हणजे शिवणीत दाबलेलं जादा कापड, उसवलं, कंबरेला दीड इंच सोडलं आणि शिवण दुहेरी मारली.

पँट चढवून तो बाहेर आला, एकदा वाकला, उठला, परत वाकला. मग हसला. त्याच्या गालाला एकच खळी पडायची, डावीकडे. तिनं ती पाहिली आणि सुई बोटात टोचून घेतली. चौदा वर्षं शिवणारी बाई!

तिला तो तेव्हाच आवडला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच लपवाछपवी कशाला?

तो बसडेपोत वेळापत्रकं आखायचा. गावातल्या एकशे चौदा बस कुठून, कधी सुटायच्या आणि कुठे किती मिनिटं थांबायच्या, हे सगळं त्याच्या टेबलावर ठरायचं. उंटावरून शेळ्या हाकाव्यात, तसा तो खुर्चीवरून बस हाकायचा. सगळ्या गावाला हिंडवणारा हा माणूस स्वतः मात्र सकाळी नऊला जो बसायचा तो संध्याकाळी सहालाच उठायचा. तीन-तीन चमचे साखरेचा चहा दिवसातून आठ वेळा. जेवण टेबलावरच, एका हातानं. खणात बिस्किटांचे पुडे. रात्री एक वाजेपर्यंत डोळ्यांसमोर मोबाइल. आणि दोन थांब्यांवरच्या घरीही बसनंच, कारण पास फुकट होता.

ती त्याला वेळापत्रक म्हणायची. तो तिला मास्तर म्हणायचा.

"मास्तर, ही तपकिरी पँट जरा बघता? आटली वाटतं धुण्यात."

"कापडच वाईट येतं हल्ली," ती मान खाली घालून म्हणायची, आणि आणखी इंचभर सोडायची.

दीड वर्षात त्याच्या पाचही पँटी तिच्या हाताखालून गेल्या, काही तर दोनदा. दर खेपेला वहीत नवा आकडा पडायचा. चौतीस. साडेपस्तीस. सदतीस. साडेअडतीस. तो मात्र खुशीत. "तुमच्या हाताला यश आहे हो, मास्तर. ऑफिसात सगळ्यांची पोटं सुटली, माझ्या पँटी बघा, अजून जशाच्या तशा येतात!"

त्याच्या या बोलण्यावर ती गोड हसायची. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

कारण एका बुधवारी तो आला तो खळीशिवाय आला.

"डेपोत सगळ्यांची तपासणी झाली," तो स्टुलावर टेकत म्हणाला. "रक्तदाब वाढलाय. साखर बॉर्डरवर. साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात… मला देवानं साखरच दिली." विनोद करून तो स्वतःच थांबला. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट फार वाढलंय. मी म्हटलं शक्यच नाही, पँटी सगळ्या येतात मला. त्या म्हणाल्या, सहा महिने देते. चाला, वेळेवर जेवा, वेळेवर झोपा. नाहीतर गोळ्या सुरू, आणि मग ते दुखणं जन्माचं सोबती."

मशीनच्या पायडलवरचा तिचा पाय तसाच राहिला. शनिवारी या म्हणून तिनं त्यानं आणलेली पँट ठेवून घेतली आणि तो गेल्यावर फळीवरची जुनी वही काढली. बाबांच्या अक्षरातली. त्यात एक पान तिच्या आईचं होतं. आठ वर्षं आकडे चढत गेले होते आणि बाबांनी दर खेपेला आईचे कपडे प्रेमानं, न बोलता सैल केले होते. मग दोन वर्षांत आकडे भराभर उतरले. तेव्हा सगळे आईला म्हणाले होते, बारीक झालीस, छान दिसतेस! साखर सापडली तोवर मूत्रपिंडं गेली होती. त्यानंतर त्या पानावर काही लिहिलेलं नव्हतं.

ती वही हातात धरून बसली. सांगितलं तर तो चिडेल, कदाचित परत कधी यायचाही नाही. नाही सांगितलं तर तो येत राहील आणि ती त्याच्या पँटी सोडत राहील.

शनिवारी तो आला, तेव्हा तिनं एका दमात सांगून टाकलं. "तुमच्या पाचही पँटी मी सैल केल्यात. तुम्हाला न सांगता. तुमची कंबर साडेचार इंचांनी वाढलीय आणि मला ते दीड वर्ष ठाऊक होतं."

तो हसला. मग हसू विरलं. "दीड वर्ष? आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, की माझ्या पँटी…" तो खाली बघत राहिला. "का केलंत?"

"तुम्हाला अवघड वाटेल म्हणून."

"एवढंच?"

"आणि…" तिच्या हातातला खडू मोडला. "पँट टोचायला लागली असती, तर तुम्ही दुसऱ्या शिंप्याकडे गेला असतात."

दुकानात बाबांच्या इस्त्रीची वाफ तेवढी फुसफुसली. त्याची नजर तिच्या पुढ्यातल्या पँटवर गेली. तिला वाटलं, संपलं. उठेल, पँट घेईल आणि जाईल.

"ही चौतीस करा," तो म्हणाला.

"अहो, चढणार नाही तुम्हाला!"

"चढेल तेव्हा चढेल. तोवर दर शनिवारी माप घ्यायचं. आणि या वेळी आकडा मला सांगायचा, मास्तर. लपवायचा नाही."

"मोठ्यांदा सांगेन."

"मोठ्यांदा कशाला?"

"बाबांना ऐकू जायला नको? साक्षीदार आहेत ते." तिला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं. "चौतीस झालं की तुमची सुट्टी."

मग तिनं टेप घेतली, त्याच्याभोवती टाकली आणि दुकानात दोन बायका कापड घेऊन उभ्या असताना ओरडली, "साडेअडतीस!" वेळापत्रक कानापर्यंत लाल झालं.

त्यानं पास खणात टाकला आणि खणातली बिस्किटं ड्रायव्हरांना वाटली. वाटताना त्याच्या लक्षात आलं, की त्यांची पोटंही त्याच्यासारखीच आहेत, आणि जेवायला त्यांना बारा मिनिटं मिळतात, ती त्यानंच आखलेली. दुसऱ्या दिवशी त्यानं ती तीस केली आणि साहेबांशी पहिल्यांदाच भांडून मंजूर करून घेतली. ड्रायव्हर त्याला खांद्यावर घ्यायचेच बाकी राहिले होते.

दर शनिवारी पाचला ऑफिस सुटलं, की तो डेपोपासून दुकानापर्यंत चालत यायचा आणि हाशहुश करत हिशेब द्यायचा. "आज त्रेचाळीस मिनिटं. दोन सिग्नलचे थांबे धरून."

"पाच मिनिटं उशिरा धावताय."

"चढ आहे हो मधे!"

"चढ मीही रोज चढते. चहा घेणार? बिनसाखरेचा आहे."

"त्याला चहा म्हणतात?" तो तोंड वाकडं करायचा आणि सगळा प्यायचा.

एका शनिवारी पाऊस नुसता कोसळत होता. आता कशाला येतोय, असं म्हणत ती दर मिनिटाला दाराकडे बघत होती. सहाची बस आली, थांबली, गेली. तो तिच्यात नव्हता. तिचं तोंड एवढंसं झालं. आणि मग कोपऱ्यावरून तो आला, छत्री उलटी झालेली, निथळत, खळीसकट.

"बसनं यायचं ना! आजारी पडायचंय?"

"बसनं आलो असतो तर तुम्ही नुसता आकडा सांगितला असतात. चालत आलो, तर टॉवेलही द्याल."

तिनं टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. पण तो टॉवेल तिनं पाच वाजल्यापासून इस्त्री करून ठेवला होता, हे बाबांनी पाहिलं होतं.

तोही काही कमी नव्हता. संध्याकाळ झाली तरी तिचा डबा मशीनवर तसाच बंद असतो आणि उठताना ती कंबर धरते, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. पुढच्या खेपेला त्यानं एक कागद आणला, शिक्क्यासकट, आणि तिच्या मशीनच्या वर चिकटवला. १.१० – डबा उघडणे. १.३० – डबा संपवणे. ४.०० – उठणे, दारापर्यंत जाऊन येणे. ६.३० – मशीन बंद. सर्वांत खाली : हे थांबे सक्तीचे आहेत.

"दुसऱ्याला शहाणपण शिकवता," तो म्हणाला, "आणि स्वतः दहा-दहा तास एका जागी!"

साडेसहाला मशीन बंद करायचं म्हणजे मग ती चढापर्यंत त्याच्याबरोबर चालायला लागली. पोचवायला नाही, पाय मोकळे करायला, असं ती बाबांना सांगायची. बाबा "काय?" म्हणायचे, आणि ती परत सांगायची नाही.

सदतीस. छत्तीस. पस्तीस. एकेक पँट ती आत घेत गेली. साडेचौतीस आलं, तेव्हा बाबांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

आणि तिथंच घोडं अडलं.

पुढच्या शनिवारी साडेचौतीस. त्याच्या पुढच्या शनिवारी साडेचौतीस. तो आता डेपोतून अठ्ठावीस मिनिटांत यायचा, चढावर गाणं म्हणायचा, रात्री साडेदहाला झोपायचा, चेहरा कसा उजळला होता… पण टेप काही हलेना. "हट्टी आहे बुवा हा अर्धा इंच," तो निरागसपणे म्हणायचा. "हो ना," ती तेवढ्याच निरागसपणे म्हणायची आणि वहीत काहीतरी लिहायची.

सहाव्या शनिवारी तो यायच्या आधी बाबांनी इस्त्री आडवी ठेवली नाही, उभी केली. म्हणजे बोलायचं होतं.

"मला ऐकू कमी येतं. दिसतं नीट," ते म्हणाले. "तुझ्या आईला मी कधीच खरा आकडा सांगितला नाही, पोरी. तो वाढत होता तेव्हाही, आणि उतरत होता तेव्हाही. तू त्याला एकदा सांगितलास. आता दुसऱ्यांदा का अडखळतेस?"

तिला उत्तर माहीत होतं. चौतीस झालं की सुट्टी, हे तीच बोलून बसली होती.

तो आला, नेहमीच्या जागी उभा राहिला, हात थोडे वर केले. तिनं टेप टाकली. टेपखाली त्याचं पोट तट्ट फुगलेलं तिच्या बोटांना कळत होतं. जग पोट आत ओढून माप देतं. हा एकटाच ते बाहेर काढून देत होता.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

"सोडलाय."

"सोडा. मी थांबते. मला घाई नाही."

तो छताकडे बघत राहिला. गाल लाल झाले, मग जांभळे. तिनं टेप धरूनच ठेवली. शेवटी त्याला हसू फुटलं आणि सगळी हवा एकदम निघून गेली. टेप सरकन आत आली.

तिनं कबूल केल्याप्रमाणे मोठ्यांदा सांगितलं, "पावणेचौतीस."

त्यानं खिशातून घडी घालून घालून मऊ पडलेला कागद काढला. डॉक्टरीणबाईंचा. साखर ठीक, रक्तदाब ठीक, गोळ्यांची गरज नाही, असंच चालू ठेवा. तारीख महिन्यापूर्वीची होती.

"महिनाभर खिशात?" तिचे डोळे भरून आले. "एवढी आनंदाची गोष्ट आणि मला सांगितली नाहीत?"

"सांगितली असती तर सुट्टी झाली असती माझी." तो खाली बघत म्हणाला. "मला नको होती सुट्टी… पाच आठवडे पोट फुगवतोय, मास्तर. चालण्यापेक्षा ते कठीण आहे."

"सहा," ती म्हणाली.

"काय सहा?"

तिनं वही त्याच्यापुढे सरकवली. त्याच्या पानावर दोन रकाने होते. एकात, ती मोठ्यांदा सांगायची ते : साडेचौतीस, साडेचौतीस, साडेचौतीस. दुसऱ्यात, पँटच्या सैलपणावरून तिनं डोळ्यांनी घेतलेलं खरं माप. सव्वाचौतीस. चौतीस. पावणेचौतीस.

"तुला… ठाऊक होतं?"

"मला आवडतोस तू," ती म्हणाली. इतक्या हळू, की तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्यांदा सांगायचं ठरलं होतं," तो म्हणाला. डाव्या गालाला खळी पडली होती.

"आवडतोस तू मला!"

"हे ऐकू आलं," बाबा म्हणाले आणि त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

त्याला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच : "एका कोटाचं माप घ्याल, मास्तर? लग्नाचा आहे… तुमची हरकत नसेल, तर आपल्या दोघांच्या."

"हरकत नाही," ती म्हणाली. टेप घ्यायला वळली, आणि मग तिनं ती परत खुंटीला टांगली. त्याची सगळी मापं तिला पाठ होती. खडूनं कापडावर रेघ ओढता ओढता तिनं विचारलं, "आत मार्जिन किती ठेवू?"

"ठेव भरपूर. चाळीस-पन्नास वर्षं घालायचाय." तो थोडा घुटमळला. "पण मी परत वाढलो, तर गुपचूप सोडशील का?"

"नाही," ती म्हणाली. "मोठ्यांदा सांगेन."

बाहेर साडेसहाची बस थांब्याला लागली, दार उघडून थोडी वाट पाहिली आणि रिकामीच पुढे गेली. ती दोघं चढाकडे चालायला लागली होती.