कोड्याची मागची बाजू

“पुन्हा कापलं!”

सीमंतिनीने वर्तमानपत्र टेबलावरून उचलून उभे धरले. पानाला पडलेल्या भोकातून तिला पलीकडे तिच्या धाकट्या भावाचा, शंतनुचा, एक डोळा दिसला.

“आज आडवे शब्द गेले की उभे?” डोळ्याने विचारले.

“दोन्ही! अर्धे अर्धे!”

शिंदे की छावनीतल्या नवविचार वाचनालयात मुले सुट्टीत दोन कारणांसाठी येत. एक म्हणजे तिथला कूलर. दुसरे म्हणजे मराठी वर्तमानपत्रातले शब्दकोडे. हे वर्तमानपत्र महाराष्ट्रातून रेल्वेने यायचे, म्हणून ग्वाल्हेरला आजचे कोडे उद्या मिळायचे. वाचनालयाचा नियमही ठरलेला होता. कोडे पेन्सिलीने सोडवायचे आणि उठताना खोडून ठेवायचे, म्हणजे पुढच्या माणसाला ते कोरे मिळते. तेरा वर्षांची सीमंतिनी या खेळात सगळ्यांत तरबेज होती, आणि नेमकी त्यामुळेच ती अडचणीत आली होती.

“सापडली!” मागून आवाज आला. वाचनालयाचे कार्यवाह विश्वासराव दारात उभे होते. “सुमनताई, या मुलीचं कार्ड काढून घ्या. आणि सोमवारपासून मुलांना वाचनालय बंद. शाळा उघडेपर्यंत!”

“काका, मी नाही कापलं!”

“मग कोणी? सकाळी मी पेपर चाळला तेव्हा पान अखंड होतं. माझ्यानंतर पहिली तूच येतेस. आणि कोड्यांचं वेड कोणाला आहे? मला? मी त्या चौकोनांकडे बघतही नाही!”

हे मात्र खरे होते. कोडी म्हणजे वेळेची नासाडी, असे विश्वासराव येता-जाता सांगत. ग्रंथपाल सुमनताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“रविवारी सभासदांची बैठक आहेच,” त्या म्हणाल्या. “तिथेच ठरवू. तोवर कार्ड तिच्याकडे राहू द्या.”

आज शुक्रवार होता. रविवारी सगळ्या छावनीसमोर सीमंतिनी चोर ठरणार होती!

बाहेर ओट्यावर समरजीत वाट बघत होता. तो शेजारच्या गल्लीत राहायचा आणि सीमंतिनीच्याच वर्गात होता. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने आवाज खाली आणला.

“सच बता,” तो म्हणाला. “तू खरंच नाही ना कापलंस?”

सीमंतिनीने त्याच्याकडे असे बघितले की तो एक पायरी खाली उतरला.

“तूसुद्धा, समर?”

“अगं, विचारलं फक्त! पूछना तो पडेगा ना?”

“मला वाटतं, रघुनाथराव आजोबा!” शंतनु मध्येच म्हणाला. “ते पेनाने कोडं सोडवतात. चुकलं की खोडता येत नाही. मग लपवायला कापत असतील!”

रघुनाथराव वाचनालयाचे अध्यक्ष होते. दुपारी ते आले, तेव्हा तिघेही कपाटाआड दबा धरून बसले. रघुनाथरावांनी पान उलगडले. भोक दिसताच त्यांचा चेहरा एवढासा झाला.

“सुमनताई, आजही?” ते म्हणाले. “अहो, मी त्या कोड्यासाठी दुपारची झोप सोडून येतो!”

“हे नाहीत,” समरजीत कुजबुजला. “देख तो सही, रडतील आता.”

रघुनाथराव गेल्यावर सीमंतिनीने ते पान पुन्हा समोर घेतले. समरजीतचा प्रश्न तिला अजून टोचत होता.

“ऐक,” ती एकदम म्हणाली. “मी कापलं असतं, तर कसं कापलं असतं? कोड्याच्या चौकटीबाहेरून, आणि सूचनांसकट. हे बघ! सूचना सगळ्या जागेवर आहेत. खालचे चौकोनही आहेत. कात्री सरळ कोड्याच्या पोटातून गेलीय. असं कापलेलं कोडं कोणाच्याही कामाचं नाही.”

“मग चोराने नेलं तरी कशाला?” शंतनुने विचारले.

“त्याला कोडं नकोच होतं!” सीमंतिनीने पान उलटे केले. “त्याला मागच्या बाजूचं काहीतरी हवं होतं.”

तिघेही कोपऱ्यातल्या रद्दीवर तुटून पडले. वरचे सगळे अंक भोकवाले होते. पाडव्याच्या आधीचे मात्र धडधाकट निघाले. सीमंतिनीने भोकवाले पान उलटे करून तसल्याच एका धडधाकट पानावर बरोबर बसवले. भोकात एक छोटी चौकट दिसली. तिच्यावर लिहिले होते, ‘विचारधन’. खाली लहान लहान ओळींत एक सुविचार छापलेला होता.

“फक्त सुविचार?” शंतनु निराश झाला. “मला वाटलं, खजिन्याचा नकाशा असेल!”

समरजीत मात्र ताठ झाला. “सुविचार... एक मिनट! बाहेर या!”

वाचनालयाच्या दाराशी एक अरुंद काळा फळा होता. पाडव्याला विश्वासराव कार्यवाह झाले, तेव्हापासून ते रोज सकाळी त्यावर सुविचार लिहीत आणि खाली ‘स्वरचित - विश्वासराव’ अशी झोकदार सही ठोकत. येणारे-जाणारे थांबून माना डोलवत. त्यांच्या विचारांची पुस्तिका काढावी, असेही काही जण म्हणू लागले होते. आज फळ्यावर लिहिले होते:

‘दिवा लहान असला
तरी अंधार
त्याला ओळखून असतो.’

“इथे थाटीपुरलाच राहणारी माझी सुनंदा आत्या हाच पेपर घेते,” असे म्हणत समरजीतने फोन लावला. “आत्या, पेपरातल्या विचारधनचा फोटो पाठव ना! हां, आत्ता! नाही गं, अभ्यासासाठी नाही. अरे, पाठव तो!”

फोटो आला. तोच दिवा, तोच अंधार! ओळीही तिथेच तोडलेल्या!

“छाप दिया! जसंच्या तसं!” समरजीत ओरडला. “आणि दुसऱ्या कोणाला दिसू नये म्हणून कापून टाकलं! चल, रघुनाथराव आजोबांना दाखवू.”

“नको,” सीमंतिनी म्हणाली.

“का? पुरावा हातात आहे!”

“या फोटोवरून एवढंच कळतं की काका विचार उचलतात. आपल्या वाचनालयाचा पेपर कोणी कापला, ते त्यातून कुठे कळतं? ते म्हणतील, मी शेजाऱ्याकडे वाचला. आणि आळ माझ्यावर कापल्याचा आहे.” ती फळ्याकडे वळली. “आपल्याला असा सुविचार हवा, जो फक्त आपल्या वाचनालयाच्या अंकात असेल. जगात दुसरीकडे कुठेच नाही!”

“असा कुठे मिळणार?”

“आपण लिहू!”

शनिवारची अख्खी सकाळ लिहिण्यात गेली. मजकूर सहा ओळींचा हवा होता आणि प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर सीमंतिनीने आधीच ठरवले होते. शेवटची ओळ अडली.

“र वरून काय?” तिने विचारले.

“रबडी खावी!” शंतनु म्हणाला.

“गप रे! सुविचार आहे हा!”

“मग रबडी काय वाईट विचार आहे?”

दुपारी टोपी बाजारातल्या फोटोकॉपीच्या दुकानात त्यांनी मजकूर बारीक अक्षरांत छापून घेतला. कागद पांढराशुभ्र होता, वर्तमानपत्राशेजारी लगेच ओळखू आला असता. शंतनुने तो पातळ चहात बुडवून उन्हात वाळवला. बाहेर उन्हाळी वाऱ्याची इतकी गरम लू चालली होती की कागद क्षणात कडक झाला.

रविवारी सकाळी पेपरवाल्याने नेहमीसारखा अंक ओट्यावर टाकला. तिघे आधीच तिथे होते. सीमंतिनीने विचारधनच्या चौकटीवर चिठ्ठी अलगद चिकटवली आणि अंकाची घडी होती तशीच घातली. कोपऱ्यावर विश्वासराव दिसताच तिघे समोरच्या, डाळभरल्या पुरीसारख्या बेडईच्या दुकानात पळाले.

विश्वासराव कुलूप उघडून आत गेले. दार लोटले गेले.

“वाचताना त्यांना कळलं तर?” शंतनुने विचारले.

“कळणार नाही. ते सुविचार वाचत नाहीत,” सीमंतिनी म्हणाली. “नुसता उतरवतात.”

पण तिची बेडई तशीच राहिली. थोड्याच वेळात विश्वासराव बाहेर आले. डाव्या तळहातात काहीतरी दडवून त्यांनी फळा लिहून काढला, सही केली, दोन पावले मागे जाऊन आपल्याच अक्षराकडे कौतुकाने बघितले आणि तळहातातला कागद कुर्त्याच्या खिशात घातला.

बैठकीला बरीच मंडळी जमली. विश्वासरावांनीच विषय काढला. “आजही पान कापलेलं आहे! आता तरी या मुलीचं कार्ड...”

“रघुनाथराव आजोबा, त्याआधी एक विनंती,” सीमंतिनी उभी राहिली. “आजचा सुविचार मोठ्याने वाचाल? बाहेर फळ्यावर आहे.”

रघुनाथराव हसून उठले. मंडळीही दाराशी गेली. रघुनाथरावांनी खणखणीत आवाजात वाचले:

‘उजाडले की कामाला लागावे.
सकाळ कुणासाठी थांबत नाही.
नावासाठी झटू नये.
विवेकाने बोलावे.
चारचौघांचे ऐकावे.
रडत बसू नये.’

“वा! क्या बात है!” कोणीतरी म्हणाले. विश्वासरावांनी नम्रपणे मान झुकवली.

“तुम्हीच लिहिलात, काका?” सीमंतिनीने विचारले.

“पहाटे सुचलं!”

“आजोबा, आता उभं वाचा. कोड्यात वाचतो तसं. प्रत्येक ओळीचं फक्त पहिलं अक्षर.”

रघुनाथरावांचे बोट फळ्यावरून खाली सरकू लागले. “उ... स... ना...” बोट थबकले. मग सावकाश पुढे गेले. “वि... चा... र.”

उसना विचार! सगळ्यांच्या माना विश्वासरावांकडे वळल्या.

“हे मी लिहिलंय,” सीमंतिनी म्हणाली. “आज सकाळी या अंकात, कोड्याच्या मागच्या चौकटीवर चिकटवलं होतं. फक्त याच अंकात. फळ्यावर ते यायला एकच वाट आहे.”

समरजीतने भोकवाले पान पुढे धरले. विश्वासरावांचा हात आपोआप कुर्त्याच्या खिशाकडे गेला आणि सगळ्यांनी तो जाताना पाहिला.

“काढा, विश्वासराव,” रघुनाथराव शांतपणे म्हणाले.

कात्रण बाहेर आले. एका बाजूला चहाच्या रंगाची चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला कोड्याचे काळे-पांढरे चौकोन. विश्वासराव त्या चौकोनांकडे बघतच राहिले. आपल्या कात्रणाच्या मागच्या बाजूकडे त्यांनी आज पहिल्यांदाच नीट पाहिले होते.

“पहिल्या दिवशी लोकांनी वा म्हटलं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “मग रोज काहीतरी लिहिणं भागच पडलं. पोरी, आळ तुझ्यावर घातला... फार चुकलं माझं.”

“वाचनालय मुलांना बंद होणार नाही,” रघुनाथरावांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. “आणि या तिघांचं डोकं मोठ्यांपेक्षा थंड आहे. आळ आला, तरी यांनी आरडाओरडा केला नाही. शंका घेतली, ती तपासली आणि पुरावा मांडला. शाबास!”

सुमनताईंनी सीमंतिनीची पाठ थोपटली. “फळ्याचं काय करायचं? बंद करायचा?”

“नको, ताई,” सीमंतिनी म्हणाली. “काकांचं अक्षर सुंदर आहे. त्यांनीच लिहावं. फक्त ज्याचा विचार, त्याचं नाव खाली.”

सोमवारी फळ्याच्या तळाशी वर्तमानपत्राचे नाव होते. टेबलावरचे पान अखंड होते, आणि त्यापुढे, हातात पेन्सिल घेऊन, विश्वासराव बसले होते.

“सीमंतिनी,” त्यांनी इकडेतिकडे बघत हळूच विचारले, “आडवा पाच काय असेल गं?”

“उतरवून मिळणार नाही, काका,” ती खुर्ची ओढत म्हणाली. “शोधावा लागेल!”