पियानोतला उंदीर

झाकण वर केलं आणि फौजदार नम्रता विशेंनी नाकाला रुमाल लावला. तारांवर मेलेला उंदीर पडला होता. पोट फुगलेलं, मिशांना निळी भुकटी चिकटलेली. शी!

बंगला मुरबाडच्या आतल्या अंगाला, शेखर नावाच्या मुंबईकर संगीतशौकिनाचा. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पियानोची हुबेहूब नक्कल त्याने परदेशातून करवून आणली होती. फोर्टेपियानो म्हणतात त्याला. आवाज नाजूक, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांवर कातडं, आणि सूर लांबवायला पायाशी पेडल नाही. पट्ट्यांखालची दांडी गुडघ्याने वर उचलायची. आज संध्याकाळी नेहा नावाच्या वादक बाई त्यावर त्या काळचं संगीत वाजवणार होत्या. पाहुणे यायला निघालेसुद्धा होते. आणि हातोड्यांवरचं कातडं पार गेलं होतं.

शेखरने गुन्हेगार आधीच ठरवला होता. झाडलोट करणारी, आदिवासी वाडीवरची ठमी. किल्ली तिच्याकडे, आणि काल त्याने तिला झापलंही होतं.

"वाडीवरची माणसं उंदीर खातात, मॅडम. असली घाण दुसरं कोण आणणार?"

ठमी अंगणातच उभी होती, आज शेखरने तिला आत येऊ दिलं नव्हतं. पोलिसांनी नेलं तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाय, एवढंच ती सांगत होती. नम्रताने रुमाल खिशात कोंबला.

"पियानो शेवटचा कुणी वाजवला?" तिने शेखरला विचारलं.

"नेहाने. आठवडाभर रोज दार लावून सराव करते, मी ओसरीवर ऐकतो. बिचारीला खोकला आहे. रोज त्याच जागी ठसका लागतो, पण हात थांबत नाही."

नेहा शेजारच्या खोलीत पपई खात बसली होती. एकदाही खोकली नाही. उंदरांची फार किळस येते म्हणून आपल्या मुक्कामाच्या खोलीत ते निळं औषध आपणच ठेवायला लावलं, असं तिने आपणहून सांगितलं.

"ती गुडघ्याची दांडी जमते का हो?" नम्रताने विचारलं.

"आता सवय झाली. तिच्याशिवाय हे संगीत उभंच राहत नाही."

नम्रता पियानोखाली वाकली. मोबाइलचा उजेड पाडून बराच वेळ बघत राहिली. मग हातोडे पाहिले आणि अंगणात गेली.

"ठमे, पियानोच्या खालून झाडतेस का गो?"

"नाय बा. त्याला हातच लावायचा नाय, शेठनी सांगलंय."

नम्रताने तिला हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं.

"कातडं ब्लेडने कापलंय, कडा सरळ आहेत. उंदीर कुरतडतो, कापत नाही. म्हणजे तो नंतर ठेवला. आता हा उंदीर बघा. घरातला, विष खाऊन मेलेला. मी शहापूरकडच्या भातशेतीच्या गावातली आहे. वाडीवरचे लोक बांधावरचं बीळ खणून शेतातला उंदीर काढतात. विषाचा उंदीर ते कुत्र्यालाही खाऊ देणार नाहीत. ज्याला हे ठाऊक नाही, त्यानेच ठमीच्या नावावर तो ठेवला. विष कुणाच्या खोलीत होतं, ते बाईंनीच सांगितलंय."

"मी ज्यावर वाजवणार, तोच पियानो का बिघडवीन?" नेहा म्हणाली.

"कारण तो तुम्हाला वाजवता येत नाही. दांडी आणि लाकडाच्या मध्ये कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय. वाळून खडखडीत झालंय, म्हणजे जुनं आहे, आणि अख्खं आहे. दांडी एकदा जरी वर गेली असती तर त्याचा भुगा झाला असता. आठवडाभर कसला सराव केलात? बंद दाराआड कुठल्यातरी मैफलीचं रेकॉर्डिंग लावत होतात. त्यातला श्रोता रोज त्याच जागी खोकायचा."

नेहाचा चेहरा उतरला. आयुष्यभर नव्या पियानोवर वाजवलं, या हलक्या पट्ट्यांवर बोटं घसरत होती, चारचौघांत हसं झालं असतं, असं ती रडत बोलली. रडण्यात ठमीचं नाव एकदाही आलं नाही.

शेखर घसा खाकरून म्हणाला, "मॅडम, हे बाहेर नको. मोठी कलाकार आहे. ठमीला मी समजावतो. ठमे, तो उंदीर उचल आधी, पाहुणे येतील."

थू तुमच्या शौकावर, असं नम्रताच्या ओठांवर आलं होतं. तिने ठमीचा हात सोडला नाही.

"ज्यांनी ठेवला, त्याच उचलतील. मग माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात यायचंय, बाई."

नेहाने शेपटीला धरून उंदीर उचलला आणि तिथेच ओकली.

शेखर ठमीकडे वळला. झालं गेलं विसर, उद्या नेहमीसारखी ये, म्हणाला.

ठमीने किल्ली पियानोवर ठेवली.

"नाय येत मी. तुमच्या घराला वास येतो."