मास्तरांचा लपवलेला पाय

सकाळी शेवग्याच्या शेंगेसारखा असणारा आजोबांचा पाय संध्याकाळी दुधीभोपळ्यासारखा कसा होतो? हे कोडं प्रणिताला दोन वर्षं छळत होतं.

सोलापुरात शाळेचे गणवेश बेतणारे अंबादास आजोबा आता चंद्रावरून परतणाऱ्या अवकाशवीरांच्या विजारी बेतत. पृथ्वीवर उतरताच त्या मंडळींचं रक्त पायांत गोळा होतं आणि घेरी येते, म्हणून ही विजार घोट्याशी घट्ट आणि वर सैल लागते. सूतभर चूक चालत नाही. आजोबा टेबलाशी दहा-दहा तास उभे! "बसून कापड कापतो तो कसला मास्तर?" असा त्यांचा तोरा.

होता होता पोटरीवर निळ्या, गाठाळ शिरा उठल्या. घोट्याजवळची कातडी काळवंडली आणि तिथे जखम झाली. प्रणिताने ती पाहिली, तेव्हा आजोबा म्हणाले, "आईला सांगायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला!" शपथ मोडली तर आजोबा मरतील, असं त्या वेड्या पोरीला वाटलं. ती तीन महिने गप्प बसली. जखम वाहू लागली तेव्हा मात्र तिने रडत रडत आईला सगळं सांगून टाकलं.

आईने दोघांना तडक दवाखान्यात पिटाळलं. तिथल्या यंत्रमानवाचं नाव शिरोमणी. त्याने सोनोग्राफी (न ऐकू येणाऱ्या आवाजाने शरीरातलं चित्र दाखवणारी तपासणी) केली. पडद्यावर रक्त वर चढत होतं आणि लगेच खाली घसरत होतं.

"आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि रक्त वर ढकलतात," शिरोमणी म्हणाला. "ते खाली परतू नये म्हणून शिरांमध्ये झडपा (एकाच बाजूला उघडणारी दारं) असतात. आजोबांच्या झडपा निकामी झाल्यात. उभं राहिलं की रक्त तुंबतं, शिरा फुगतात, पाय सुजतो. रात्री आडवं झालं की सूज ओसरते."

"मग पाय कापायचा?" जन्मभर कात्री चालवलेल्या आजोबांचं धाबं दणाणलं.

"छे हो! सुईएवढ्या भोकातून एक बारीक तार शिरेत घालायची. तिच्या टोकाशी लेसर (एकवटलेला प्रकाश) असतो. त्याच्या उष्णतेने बिघडलेली शीर आतून मिटते. भूल फक्त पायापुरती. तासाभरात चालत घरी!"

"पण रस्ताच बंद केला, तर रक्त जाणार कुठून?" प्रणिताने विचारलं.

"शाबास! बहुतेक रक्त खोलवरच्या मोठ्या शिरांतूनच जातं. आजोबांच्या त्या शिरा धडधाकट आहेत. उरलेलं रक्तही तिथूनच जाईल."

खरोखरच तासाभरात काम झालं. पण शिरोमणी पुढे म्हणाला, "जखम भरायला काही महिने लागतील. काळा डाग राहील. वेळेवर आला असतात, तर जखम झालीच नसती."

प्रणिता म्हणाली, "मी आधीच सांगायला हवं होतं, आजोबा."

"नाही गं बाळ. दुनियेच्या पायांची मापं घेतली आणि स्वतःचा पाय लपवला. वर तुझ्या एवढ्याशा जिवावर शपथ लादली. चुकलं माझं." आजोबांचे डोळे भरून आले.

घरी जाताना ते आपल्या विजारींच्या कारखान्यात शिरले. चार मास्तर टेबलांशी उभे होते. आजोबांनी पँट वर करून पट्टी बांधलेला पाय सगळ्यांना दाखवला. "मी लाजलो आणि भोगतोय. आणखी कुणाच्या शिरा फुगल्यात?"

मग मल्लेशमास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि मान खाली घालून आपली पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवली.

प्रणिताने तिथूनच शिरोमणीला फोन लावला.