भिंतीकडे वळणारी बाटली

हवानळीचा फट्ट आवाज झाला, शांपूची बाटली उंच उडाली आणि व्यायामशाळेच्या दुसऱ्या टोकाचं जाळं चुकवून डावीकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटली.

"मेली! पुन्हा तिकडेच!" रेवती तांबवेकरने नळी जमिनीवर आदळली.

वाळवंटाखाली बांधलेली ही तालीम-वस्ती. पुढे कधीतरी खऱ्या अवकाश-वस्तीत दुसरी माणसं जाणार होती. त्यांच्यासाठी ही रंगीत तालीम. रेवती इथली हवा-अभियंता. तिने सही केली होती ती फक्त तालमीपुरती, कारण सांगलीला नणंदेकडे तिची मुलगी मृण्मयी वाट बघत होती. पुढच्या महिन्यात तालीम संपणार होती. तोवर मन रमावं म्हणून ती बाटल्या उडवायला लागली, आणि त्या छंदानेच तिचं डोकं उठवलं होतं.

"तोंडाशी वजन आहे ना?" वायुगतितज्ज्ञ बाबर सरांनी विचारलं. "तोंड जड हवं, शेपटाला हवा अडली पाहिजे. मग बाटली कोलांट्या खात नाही."

"कणीक भरलीय सर. पंख लावलेत. कोलांट्या केव्हाच थांबल्या. आता ती न डुलता, ऐटीत जाते आणि त्या भिंतीवर आपटते!"

"मग पंख वाकडा असेल."

वस्तीची शिस्तच तशी होती. काही बिघडलं की दोष आपल्या हातातल्या वस्तूत शोधायचा. वस्तीला नावं ठेवायची नाहीत. त्या शिस्तीपायी रेवतीने पंख बदलले, नळी बदलली, आज तर वाराही नको म्हणून पंखे बंद करून घेतले होते. वस्तीचा दोष असेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नाही.

"बरं, डावीकडेच जायचंय ना तुला?" ती बाटलीवर खेकसली. नळी उचलून ती तरातरा दुसऱ्या टोकाला गेली. इथून स्वयंपाकघराची भिंत उजव्या हाताला होती. "जा आता डावीकडे!"

बाटली उडाली, वळली आणि उजवीकडे, त्याच भिंतीवर आपटली.

रेवतीला हसावं की रडावं कळेना. बाबर सरांनी मात्र स्वतः नळी घेऊन एक बाटली सरळ छताकडे उडवली. तीही भिंतीकडे सरकून पडली.

"पंख वाकडा असता तर बाटली इथूनही डावीकडेच गेली असती," ते हळू म्हणाले. "ती सरळच जातेय, रेवती. वळतोय आपण."

"म्हणजे?"

"समज, आपण मोठ्या चाकाच्या आतल्या बाजूला उभे आहोत. चाक फिरतं, आपण त्याला दाबले जातो आणि तेच आपल्याला वजन वाटतं. वर उडालेली वस्तू मात्र जमिनीबरोबर वळत नाही, म्हणून जराशी मागे पडते. दर वेळी एकाच बाजूला. हातातून चमचा पडला तर कळायचं नाही. इतकं उंच इथे आपण दुसरं काही उडवलंच नाही."

"पण असं चाक तर अवकाशात..." रेवतीला ती झोप आठवली. वर्षापूर्वी चाचणी म्हणून सगळ्यांना दीर्घनिद्रा दिली होती. जाग आली तेव्हा डोकं गरगरत होतं; झोपेचा परिणाम, असं सांगण्यात आलं होतं. घरच्यांशी थेट बोलणं तेव्हापासून बंद झालं आणि ध्वनिमुद्रित निरोप येऊ लागले. तालमीत खरेपणा यावा म्हणून, असं कारण दिलं होतं. म्हणजे त्या झोपेतच सगळ्यांना अशाच दुसऱ्या, फिरत्या वस्तीत हलवलं होतं.

ती धावतच वस्तीप्रमुख कामत मॅडमना घेऊन आली. वाटेत तिने त्यांना नाही नाही ते सुनावलं. फसवलंत, पोरीपासून तोडलंत, कुठे नेताय आम्हाला? कामत मॅडम आधी चिडल्या, मग हसल्या. "डोकं फिरलंय तुझं. मुलाचं लग्न ठरवून आलेय मी. खरी वस्ती असती तर आले असते का?"

बाबर सरांनी त्यांच्या हातात नळी दिली. त्यांनी या टोकाहून बाटली उडवली, मग त्या टोकाहून. दोन्ही बाटल्या त्याच भिंतीवर गेल्या. हिशेब त्यांनाही येत होता. त्या होत्या तिथेच खाली बसल्या.

रेवतीला कडाकडा भांडायचं होतं, आणि भांडावं असं इथे कुणीच नव्हतं. फसवणारे सगळे मागे पृथ्वीवर राहिले होते.

"रेवती," मॅडम म्हणाल्या, "अजून एकदा मार बघू."

रेवतीने बाटलीतली कणीक नीट दाबली, पंख डोळ्यांपुढे धरून सरळ केले आणि जाळ्याच्या मधोमध नेम धरला. एकदा तरी जाळ्यात जा गं, ती मनात म्हणाली.

फट्ट आवाज झाला. बाटली उंच गेली, जराही न डुलता खाली आली आणि भिंतीवर आपटली.