जरा थांब

तुझ्या मैत्रिणींनी लग्नाआधीची पार्टी ठरवलीये आणि मावशीलाही बोलावलंय, हे ऐकून बरं वाटलं गं. पण मी येणार नाही. रुसू नकोस. तो टेबलावरचा दिवा लाव, इथे माझ्याजवळ बस, आणि का येणार नाही ते ऐक. तुझ्या आईला यातलं अर्धंच माहीत आहे.

आमच्या अशाच एका पार्टीच्या दिवशी माझ्याकडे काम होतं ते एवढंच, की बेकरीतून केक उचलायचा आणि तळ्याकाठच्या घरी पोचवायचा. घर आम्ही दिवसभरासाठी भाड्यानं घेतलं होतं. आम्ही चौघी शाळेपासूनच्या. मी नजर तपासून चष्मे देते म्हणून मला तिघी ‘चष्मा’ म्हणतात. एकीची बेकरी आहे; तिच्या कोपरापर्यंत कायम पीठ असायचं, म्हणून ती ‘मैदा’. एक वकील, तिला चिडवायला ‘वकीलसाहेब’. आणि जिच्यासाठी हा सगळा घाट घातला होता ती काडी. उंच, सडपातळ, पोरांना पोहायला शिकवायची. चाळिशीच्या उंबरठ्यावर तिला पहिल्यांदा कुणीतरी मनापासून आवडलं होतं.

नवरदेवाचं औषधांचं दुकान होतं, आणि दुकानावरच घर. विधुर होता. बोलायला मऊ, काडीच्या आईची औषधं स्वतः घरी नेऊन द्यायचा. पहिली बायको हृदयविकारानं गेली, असं त्यानं काडीला सांगितलं होतं. त्यापलीकडे तिनं कधी खोदून विचारलं नाही, आम्हीही नाही.

मी पोचले तेव्हा तळ्यावरून धुकं वर चढत होतं. बघता बघता होड्यांचा धक्का दिसेनासा झाला, मग अंगणातलं झाड, मग कुंपण. दुपारीच दिवे लावावे लागले. खिडक्यांच्या काचांना धुकं असं टेकलं होतं, जसं कुणी बाहेरून चादर धरून उभं आहे. आत मात्र मजा चालली होती. केक कापून झाला, वाइन उघडली. मैदानं चप्पल भिरकावली आणि गालिच्यावर मांडी ठोकली.

“आज खोटं बोलायचं नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं भेटलं की ‘कशी आहेस’, ‘मजेत’, एवढंच. आज प्रत्येकीनं खरं सांगायचं.”

“मग तूच सुरुवात कर,” वकीलसाहेब म्हणाली.

मैदा म्हणाली, “मी आणि नवरा वेगळ्या खोल्यांत झोपतो. तो घोरतो, हे लोकांना सांगायला. खरं म्हणजे तो झोपला की मला त्याचा चेहरा अनोळखी वाटतो गं.”

आम्ही हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग वकीलसाहेब बोलली. दुसऱ्यांचे घटस्फोट करून देता देता एका अशिलावर जीव जडला होता, आणि तो काडीमोड घेतल्यावर परत बायकोकडेच गेला, हे आम्हाला तिनं त्या दिवशी सांगितलं. ते मात्र इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं की मैदाला ठसका लागला. खूप दिवसांनी आम्ही पोट धरून हसलो.

“आता नवरी,” मी म्हटलं. “तुझ्या त्या गोड माणसात खुपणारं काय आहे, ते सांग.”

काडी खिडकीजवळच्या कोचावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. ग्लास तिनं खाली ठेवला.

“झोपेत दात खातो,” ती म्हणाली. “करकर आवाज येतो. पहिल्या पहिल्यांदा मला उंदीर वाटायचा.”

“म्हणजे तिथे मुक्काम झालेत तर,” मैदानं डोळे मिचकावले. “आम्हाला म्हणे, लग्नाआधी एकदाही राहिले नाही.”

काडी हसली नाही. “मीठ जास्त झालं तर बोलत नाही. ताट उचलून मोरीत ठेवतो, हळूच, आवाज न करता. मग दोन-दोन दिवस माझ्याकडे बघत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मूल राहिलं होतं. ते गेलं, तेव्हा मी हॉस्पिटलातून एकटी घरी आले. तो म्हणाला, दुकान बंद ठेवता येत नाही.”

वकीलसाहेब माझ्याकडे बघू लागली. काडीची आणि त्याची ओळख त्याच वर्षातली होती.

“काडे,” मी म्हटलं, “कुणाचं सांगतेयस?”

खोलीत वास यायला लागला होता. आधी मला वाटलं, तळ्याचा. पण तो तळ्याचा नव्हता. ओल्या लाकडाचा, बुरशीचा, आणि त्यात मिसळलेला स्पिरिटचा वास. बंद जागेतला वास.

“मी जागच्या जागी गेले नाही,” काडी म्हणाली. आवाज तिचाच होता, पण ती इतकं हळू कधीच बोलत नसे. पोहायला शिकवणारी बाई. तिला ओरडायची सवय. “तळघरातून खोकी आणायला उतरले होते. पाय निसटला. डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. तो वर, दाराशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, हात दे... तो बघत होता. मी परत म्हटलं, अहो, हात द्या... तो म्हणाला, जरा थांब. आणि दिवा बंद केला... आणि दार लावून घेतलं.”

मैदानं माझं मनगट धरलं.

“वर दुकानाची घंटा वाजायची. गिऱ्हाइकं येत होती. एका बाईला खोकला होता. तो तिला सांगत होता, ताई, हे झोपताना घ्या, कोमट पाण्यातून. मला सगळं ऐकू येत होतं... मला हाक मारता येत नव्हती. किती चांगलं बोलत होता हो तो...”

मी उठले. मला तिचे डोळे दिसत होते आणि ते बरोबर नव्हते. डावी बाहुली नेहमीसारखी. उजवी मात्र इतकी पसरलेली की बुबुळाचा रंगच उरला नव्हता. मी मोबाइलचा टॉर्च तिच्या डोळ्यावर धरला. डावी आक्रसली. उजवी हलली नाही. डोक्याला जबर मार लागून आत रक्त साचलं की असं होतं, हे आम्हाला शिकताना सांगितलेलं असतं. बोलणाऱ्या, बसलेल्या माणसात मी ते कधी पाहिलं नव्हतं.

“तिला नको देऊ त्याला,” काडी माझ्या टॉर्चकडे बघत म्हणाली.

मग तिनं डोळे मिटले, उघडले, आणि हातानं प्रकाश बाजूला सारला. “काय करतेयस चष्मे? डोळे दिपले ना. आणि तुम्ही सगळ्या अशा का बसलाय? चहा ठेवतंय का कुणी?”

दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या.

तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मैदा स्वयंपाकघरात जाऊन गॅसपाशी उभी राहिली आणि रडू लागली. मी तिच्या मागे गेले. “सांगायचं नाही,” ती कुजबुजली. “इतक्या वर्षांनी तिचं काहीतरी चांगलं होतंय.” पण वकीलसाहेबाला राहवलं नाही. बाहेर ती काडीला अगदी सहज आवाजात विचारत होती, “त्याच्या दुकानाला तळघर आहे का गं?”

“नाही. का?” काडी म्हणाली. मग जरा विचार करून, “मागच्या भिंतीला एक मोठं कपाट आहे. मी म्हटलं, लग्नानंतर हे हलवून तिथे खिडकी करू. तर चिडला. पहिल्यांदाच चिडलेला पाहिला त्याला.”

तेव्हा आम्ही तिला सगळं सांगितलं. तिचे शब्द तिलाच परत. तिला वाटलं आम्ही मस्करी करतोय. मग तिनं मैदाचा चेहरा पाहिला. ती उठून बाहेर गेली, आणि आम्ही दारात उभ्या राहून धुक्यात तिची पाठ शोधत राहिलो. परत आली तेव्हा केसांवर पाण्याचे थेंब होते.

“तो मला न्यायला येतोच आहे,” ती म्हणाली. “मी त्यालाच विचारते. तुम्ही कुणी मधे बोलू नका.”

तो आला, तेव्हा संध्याकाळही झाली नव्हती. कोट झटकला, आम्हा तिघींची विचारपूस केली. मैदानं चहा दिला. देताना तो बशीत सांडला. तो म्हणाला, “असू द्या हो ताई,” आणि रुमालानं स्वतःच पुसला. तो मऊ आवाज ऐकून मला क्षणभर वाटलं, आम्ही चौघी वेड्या आहोत.

काडी समोर बसली होती. “तुझ्या दुकानाला तळघर आहे का रे?”

“होतं,” तो म्हणाला. “ओल यायची. भरून टाकलं. का गं?”

“ती तिथे पडली होती?”

‘कोण’ असं त्यानं विचारलं नाही. कप बशीत ठेवला, जराही आवाज न करता.

“कुणी सांगितलं?”

“तिनंच.”

त्यानं आमच्याकडे पाहिलं, एकेकीकडे. ओठांवर हसू तसंच होतं, गिऱ्हाइकासमोरचं. मग उठला. “जरा थांब,” तो काडीला म्हणाला, “फोन गाडीत राहिलाय.” आणि बाहेर पडताना, न बघता, सवयीनं जावा तसा त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. दिवा गेला. दार त्यानं ओढून घेतलं, अगदी हळू.

आम्ही चौघी त्या राखाडी अंधारात बसून राहिलो. कुणी किंचाळलं नाही. बाहेर गाडी सुरू झाली, लांब गेली, आणि मग तळ्याचं पाणी धक्क्याला लागत होतं तेवढाच आवाज.

लग्न मोडलं, हे सांगायला नको. वकीलसाहेबानं तक्रार केली, पाठपुरावा केला. कपाट हलवलं, मागे खरंच दार निघालं, आणि दाराआड मातीविटांनी बुजवलेल्या पायऱ्या. पण बुजवलेलं तळघर म्हणजे पुरावा नव्हे. ज्या डॉक्टरनं हृदयविकाराचा दाखला दिला होता तो केव्हाच वारला होता. आणि काडीच्या तोंडून आलेलं ते कुठल्या कोर्टात सांगणार? त्यानं दुकान विकलं आणि शहर सोडलं. काडी कित्येक महिने घराबाहेर पडली नाही. आमच्याशी बोलायची, पण तुटक. मग हळूहळू पाण्यात उतरली, पोरांवर ओरडायला लागली, आणि आमचा जीव भांड्यात पडला.

पुढल्या वर्षी एकदा भर दुपारी ती कॉफी घेऊन माझ्या दुकानात आली होती. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरपलीकडे बसून कप ढवळत होती. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी कानाला लावला.

तोच होता. पण आवाज खंगलेला.

“तुम्ही तिला बोलतं केलंत,” तो म्हणाला. “आता ती गप्प बसत नाही... मी घर बदललं. दोनदा बदललं. तिला सांगा, पुरे झालं... ती आत्ता इथेच बसलीये.”

“काडी माझ्यासमोर आहे,” मी दबक्या आवाजात म्हटलं.

“मी काडीचं म्हणत नाहीये...”

पुढे खरखर झाली, एकाच्या हातातून दुसऱ्यानं फोन घ्यावा तशी. त्यानं विरोध केल्यासारखं काहीच ऐकू आलं नाही. मग एका बाईचा आवाज. मोकळा, आपुलकीचा, जुन्या मैत्रिणीचा असावा तसा.

“चष्मा ना गं? त्या दिवशी फार बरं वाटलं बघ. इतक्या वर्षांत माझं कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं. पुन्हा कधी भेटायचं?”

फोन माझ्या कानाला घट्ट लावलेला होता. बाहेर ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

काडी कॉफीत चमचा फिरवत होती. मान वर न करता ती हळूच म्हणाली, “रविवारी म्हण.”