पहिल्या पाण्याच्या बाटल्या

"आमच्याकडे कुणीही आजारी नाही!"

अकरावं दार रेवाच्या नाकासमोर धाडकन बंद झालं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दारावर एक सणसणीत लाथ हाणावी असं तिला फार वाटलं, पण निनादने बाही धरून तिला मागे ओढलं.

"अकरापैकी अकरा नाही," असं म्हणत त्याने फॉर्मवर खूण केली. निनाद हा तिचा आतेभाऊ, मे महिन्याच्या सुट्टीसाठी पुण्याहून पनवेलला आलेला. त्याला फॉर्मचं आणि रंगीत पेनांचं भारी वेड. 'घरात कावीळ आहे का? हो / नाही' असे पन्नास फॉर्म त्याने स्वतः छापून घेतले होते. "म्हणजे या गल्लीत कावीळ नाहीच म्हणायची!"

"मग माझी निशावहिनी काय हौस म्हणून हॉस्पिटलमध्ये झोपलीय?" रिया कडाडली.

रिया आणि रेवा एकाच वर्गात. एकाच गल्लीतही! ही गल्ली पाण्याच्या टाकीपाशी सुरू होते, दुकानं आणि बंगल्यांसमोरून एका नाल्यावरच्या मोरीपाशी येते, मोरी ओलांडली की रेवाची सागरछाया सोसायटी, आणि शेवटी खाडीला टेकलेला रियाचा कोळीवाडा. टाकीपासून खाडीपर्यंत पाण्याचा पाइप एकच.

रियाचा दादा कल्पेश न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रकवर असतो. निशावहिनी त्याची बायको, सातवा महिना लागलेली. काल डॉक्टर ओरडले होते, "पोटात बाळ असताना ही कावीळ फार वाईट! आठ दिवस आधी का नाही आणलं हिला?"

आता काय सांगणार? रियाची आई, भामामावशी, दारोदार मासे विकते. घरात कावीळ आहे हे गिऱ्हाइकांना कळलं तर पाटीला हात कोण लावणार? म्हणून आठ दिवस घराने तोंड मिटून घेतलं, आणि वहिनीचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

हे ऐकल्यापासून रेवा रागावलेली होती. नेमकं कुणावर रागवायचं ते कळत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांवरच रागावली होती.

"काय चाललंय इथे?"

मागे सागरछायाचे सेक्रेटरी कृष्णकांतकाका उभे होते. त्यांनी निनादच्या हातातला फॉर्म ओढून घेतला. "सर्व्हे? कुणाला विचारून? बाहेर बोभाटा झाला तर इथे राहायला कोण येईल? आपल्याकडे घरोघरी फिल्टर आहेत, स्विमिंग पूल आहे! कावीळ असलीच तर ती तिकडे, खाडीकडे!"

रिया तिथेच उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही!

त्यांनी फॉर्म टराटरा फाडला. एक तुकडा खाली पडला, तो उचलायला ते वाकले आणि त्यांच्या कॉलरमधून काहीतरी बाहेर लोंबलं. बारीक काड्या ओवलेली माळ! काकांनी ती घाईघाईने आत सारली आणि गळ्यापर्यंत बटण लावून ते तरातरा निघून गेले.

"मेच्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटण?" निनाद पुटपुटला.

"अरे, ती ठमाआजीची माळ होती!" रियाचे डोळे विस्फारले. "काविळीची माळ! रोज थोडी थोडी लांब होते, गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणतात. अशीच वहिनीच्याही गळ्यात आहे!"

"म्हणजे काकांनाच कावीळ झालीय!" रेवा किंचाळली. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! थांबा, आत्ता सगळ्या सोसायटीला ओरडून सांगते!"

"आधी ठमाआजीकडे चल," रिया म्हणाली. "माळा सगळ्या तीच देते."

ठमाबाई कोळीवाड्यात ओट्यावर बसून सुकट निवडत होत्या.

"आजी, तुम्ही कुणाकुणाला माळा दिल्या? आम्हाला यादी पाहिजे!" रेवाने धापा टाकत विचारलं.

"तू कोनाची गो?" ठमाबाईंनी मान वर करून पाहिलं. "कागुद घेऊन उबी र्‍हायलीस तर मानूस बोलंल का? त्यो कागुद ठेव बाजूला. बस. सुकट निवड."

"पण आजी, आम्हाला वेळ नाही!"

"मंग जा."

झक मारत तिघं बसली. दहा मिनिटांनी शेजारची वेणू आली, तिच्यामागून आणखी तिघी आल्या. हात सुकटीत आणि तोंडं मोकळी! कुणी काही विचारलं नव्हतं, तरी बायका आपणहून बोलू लागल्या. सकाळी सहाला पाणी सुटतं, त्याची पहिली बादली घाण मारते. होळीपासून असंच चाललंय. मग काय करता? काय करणार, ती बादली ओतून देतो!

रेवाचा हात सुकटीतच थांबला. पहिली बादली तर तिची आईही ओतते, गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये. रोज! आणि रेवाने एकदाही का म्हणून विचारलं नव्हतं.

बायका गेल्यावर ठमाबाई म्हणाल्या, "आता आयका. नावं मी मेले तरी नाय सांगनार. मानसं इस्वासानं येतात माज्याकडं. पन ठिकान सांगते. होळीपासून एकतीस माळा झाल्या. पंचीस आमच्या कोळीवाड्यात, सा तुमच्या सोसायटीत. मोरीच्या पल्याड, टाकीकडं, एक पन नाय."

"एकही नाही?" निनादने खिशातलं पेन काढून फॉर्मच्या पाठीवर गल्ली काढली आणि ठिपके मांडले. सगळे ठिपके मोरीच्या अलीकडे! "म्हणजे गडबड मोरीपाशीच आहे! पण आजी, माळेने खरंच कावीळ जाते? काड्या वाळल्या की दोरा सैल पडून माळ लांब होणारच ना?"

"लई शाना हाय तू!" ठमाबाई हसल्या. "माळ मनाला धीर देते, पोरा. प्रत्येकाला सांगते मी, डाक्टरकडं जा, पानी उकळून पी. निशाच्या सासूला पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं." त्यांचं हसू मावळलं. त्यांनी रेवाचं मनगट धरलं. "कोनाच्या गळ्यात माळ दिसली तरी त्याचं नाव तुमच्या तोंडून येता नये. मानूस सोताहून बोलंल तर बोलंल. कबूल?"

रेवाच्या डोळ्यांसमोर ती कॉलर आली. "कबूल," ती दात-ओठ खात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघं पाण्याच्या ऑफिसात थडकली. तिथल्या कारकुनाने तक्रारींचं रजिस्टर उघडून दाखवलं. "तुमच्या गल्लीतून एकही तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे पाणी चांगलं!"

"लोक घाबरून तक्रार करत नाहीत! म्हणून काय पाणी चांगलं होतं?" रेवाने टेबलावर हात आपटला. कारकुनाचा चहा सांडला.

आवाज ऐकून आतल्या खोलीतून इंजिनियर मॅडम बाहेर आल्या. त्यांनी निनादचे ठिपके नीट पाहिले. "असा संशयावर रस्ता नाही खोदता येत," त्या म्हणाल्या. "पण बुधवारी पाणी सुटताना मी टाकीपासून खाडीपर्यंत चालत येते. बिघाड कुठे आहे, तो मला डोळ्यांनी दिसला पाहिजे."

परतताना निनाद हिरमुसला. "कसा दाखवणार? बोलायला तर कुणी तयार नाही!"

चालता चालता रेवा मध्येच थांबली. "बोलायचंच नाही! बुधवारी पहिलं पाणी ओतायचं नाही, एवढंच सांगायचं. ते बाटलीत भरायचं आणि बाटली आपापल्या दारात ठेवायची. कोण आजारी, काय आजारी, कुणी विचारणार नाही!"

"बाटली ठेवायला कशाला कोण नाही म्हणेल?" रियाने टाळी दिली.

या वेळी एकही फॉर्म नव्हता. भामामावशीने कोळीवाड्यात दहा घरांना सांगितलं, त्या दहांनी आणखी दहांना. टाकीकडच्या दुकानदारांना निनादने पटवलं. सागरछायासाठी मात्र रेवाला आधी आईला पटवावं लागलं.

"नसत्या भानगडीत कशाला पडायचं?" तिची आई सुमती म्हणाली. "आपल्याकडे फिल्टर आहे."

"फिल्टर स्वयंपाकघरात! दात कुठल्या पाण्याने घासतो आपण? आणि पहिली बादली रोज कुंडीत का ओततेस ग तू?"

सुमतीने गॅलरीतल्या कुंड्यांकडे पाहिलं. मग तिने फोन उचलला आणि सोसायटीतल्या मैत्रिणींना एकेक करून सांगितलं.

बुधवार उजाडला. सहाला पाणी आलं आणि सव्वासहाला गल्लीच्या दोन्ही बाजूंना, दारादारांत, काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या उभ्या राहिल्या. इंजिनियर मॅडम आपली दोन माणसं घेऊन टाकीपासून चालू लागल्या. मागून सगळी गल्ली!

किराणा दुकान, स्वच्छ. पांढरा बंगला, स्वच्छ. शिंपी, स्वच्छ. मोरी आली, मोरी ओलांडली. सागरछायाच्या फाटकातल्या बाटल्यांमधलं पाणी गढूळ होतं, तळाशी काळा गाळ! पुढे खाडीपर्यंत सगळ्या तशाच. गल्लीत कुजबुज उठली. इतके दिवस प्रत्येक जण हे एकट्यानेच पाहत आला होता.

"काय कचरा मांडलाय हा!" कृष्णकांतकाका धावत आले. बटण गळ्यापर्यंत लावलेलं. "मॅडम, लिहून घ्या! सागरछायात एकही माणूस आजारी नाही!"

रेवाच्या जिभेवर शब्द आला. एक वाक्य, फक्त एक! तिने गर्दीत ठमाबाईंकडे पाहिलं. त्या तिच्याकडेच बघत होत्या. रेवाने जीभ इतकी चावली की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात भामामावशी पुढे झाली. डोक्यावरची पाटी तिने खाली ठेवली.

"माजी सून हास्पिटलात हाय. कावीळ. आठ दिस लपवली मी, धंद्यापायी!" तिचा आवाज चिरकला. "आता कोनी मासली घ्या, नाय तर नका घेऊ!"

मग सागरछायातल्या एक काकू म्हणाल्या, "माझ्या मुलालाही झालीय." "माझ्या सासूबाईंना." "मला, मार्चमध्ये." कोळीवाड्यातून, सोसायटीतून हात वर होऊ लागले. निनाद मोजत होता, तो एकतीसच्या पुढे गेला.

मॅडमनी मोरीवरची फरशी उचलायला लावली. आत मुख्य पाइपला एक नवा, बारीक पाइप जोडलेला होता. जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली आणि तो सगळा जोड गटारात बुडालेला!

"पाणी बंद झालं की रिकामा पाइप या फटीतून गटाराचं पाणी आत ओढतो," मॅडम संतापून म्हणाल्या. "सकाळी तेच पहिल्या बादलीत येतं. हे चोरटं कनेक्शन कुणाचं?"

निनाद आणि रिया त्या पाइपच्या मागावर धावली. पाइप फाटकातून आत गेला, बाग ओलांडली आणि थेट स्विमिंग पूलपाशी थांबला. सगळ्यांच्या माना कृष्णकांतकाकांकडे वळल्या.

"उन्हाळ्यात पूल रिकामा दिसू नये म्हणून..." काका चाचरले. "प्लंबर म्हणाला, काही होत नाही." त्यांनी हळूच गळ्याचं बटण काढलं. माळ बाहेर आली. "मलाही झालीय."

रेवाला वाटलं होतं, ही माळ बाहेर आली की मजा येईल. मजा आली नाही. रागच आला, आणखी!

"काका, या जोडातून घाण येते हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही ग, शप्पथ. ते माहीत नव्हतं."

"पण आजार माहीत होता ना! तुम्ही आधी बोलला असतात तर निशावहिनी..." काकांची मान खाली गेली, ती वर आली नाही.

त्याच दिवशी चोरटा पाइप तोडला, मुख्य पाइपचा तुकडा बदलला. मॅडमनी कनेक्शनचा रीतसर पंचनामा केला. गल्लीत डॉक्टरांचं तपासणी शिबिर लागलं. भामामावशीची पहिली मासळी सुमतीने घेतली, फाटकात उभं राहून, सगळ्यांना दिसेल अशी.

निशावहिनीला मुलगी झाली, दीड महिना आधीच. सोळा दिवस ती काचेच्या पेटीत होती. मग दोघी घरी आल्या. वहिनीचे डोळे पुन्हा पांढरे झाले होते.

सोसायटीने सभा घेतली. "मुलांनी कमाल केली! शाबास!" असं सगळे म्हणाले, टाळ्या वाजल्या. रेवाने टाळी वाजवली नाही.

"तुम्ही सगळे होळीपासून पहिली बादली ओतत होतात," ती उभी राहून म्हणाली. "आणि मीसुद्धा ते रोज बघत होते." मग ती खाली बसली.

संध्याकाळी ती कोळीवाड्यात गेली. ठमाबाईंच्या शेजारी बसून न सांगताच सुकट निवडू लागली.

"सगळी तुमचं कवतिक करतात, बाटल्यांचं," ठमाबाई म्हणाल्या. "मी नाय करत. त्या दिवशी नाव तुज्या जिभेवर आलं व्हतं आनि तू गिळलंस. मी बगितलं. त्याला माजी शाबासकी."

रेवाने सुकटीतला एक खडा बाजूला टाकला. "पण आजी, माझा राग अजून गेला नाही."

"नको घालवू," ठमाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी सा वाजता परत पानी येनार हाय."

रेवा घरी गेली आणि झोपण्याआधी तिने रिकामी बाटली धुऊन नळाखाली ठेवली.